गाजर गवतावर मेक्सिकन भुंगे: शोधावे कसे, वाढवावे कसे, सोडावे कधी

‘भुंगे आणून सोडले, पण गवत जसेच्या तसे’ ही तक्रार बहुतेक वेळा ऑक्टोबरात ऐकू येते. आणि बहुतेक वेळा भुंगे सोडलेलेही त्याच सुमाराला असतात, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी, गवत फुलून पांढरे झाल्यावर. दोष किड्याचा नसतो, तारखेचा असतो. गाजर गवत खाणारा हा किडा पावसाच्या घड्याळावर चालतो. जुलैत सोडलेले पाचशे भुंगे जे काम करतात, ते हस्त नक्षत्रात सोडलेले पाच हजारही करत नाहीत.

किडा कोणता, कुठला

शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा. बटाट्याचा कर्दनकाळ म्हणून जगभर बदनाम असलेला कोलोरॅडो भुंगा याचा जवळचा नातलग, आणि दोघांचेही मूळ अमेरिका खंडातले. झायगोग्रामा ही सगळी प्रजातीच तिकडची. तिच्यातले बहुतेक किडे सूर्यफुलाच्या कुळातल्या ठरावीक झाडांवर जगतात. बायकोलोराटाने निवडलेले झाड म्हणजे आपले गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत किंवा चटकचांदणी.

हे गवत पुण्यात १९५५ साली नजरेत आले आणि पुढे देशभर पसरले. ‘पीएल-४८० च्या गव्हातून आले’ असे आजही छातीठोकपणे सांगितले जाते, पण त्या अमेरिकी धान्यमदत योजनेचा भारताशी पहिला करार १९५६ चा आहे. गव्हाने प्रसाराला हातभार लावला असेल, पण सगळे पाप त्याच्या माथी मारता येत नाही. खरी अडचण वेगळीच. झाड इथे पोचले, पण त्याला खाणारे किडे तिकडेच राहिले. गुरे तोंड लावत नाहीत, आणि नाइलाजाने खाल्लेच तर दुधाला कडवटपणा येतो. एक झाड हजारोंनी बी टाकते, आणि ओल मिळाली की ते बी वर्षभर केव्हाही उगवते.

म्हणून बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने १९८३ मध्ये हा भुंगा मेक्सिकोतून आणला, विलगीकरणात तपासला आणि १९८४ मध्ये बाहेर सोडला. डोळ्यांत भरेल असा फडशा पडायला तिथेही तीन-चार वर्षे लागली. पंधरा दिवसांत निकाल हवा असणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

ओळख पटवा, नाहीतर भलताच किडा गोळा कराल

प्रौढ भुंगा सुमारे ६ मिलिमीटरचा, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. डोके आणि मानेचा भाग गडद तपकिरी, पाठ मळकट पांढरी, आणि तिच्यावर लांबीच्या दिशेने तपकिरी वळणावळणाच्या रेघा. ठिपके नव्हेत, रेघा. ठिपके असतील तर तो ढालकिडा. मावा खाणारा ढालकिडा तुमचा मित्र, वांग्याची पाने चाळणीसारखी करणारा शत्रू, पण गाजर गवताशी दोघांनाही देणेघेणे नाही.

अंडी पानाच्या खालच्या बाजूला असतात, पिवळसर-नारिंगी, लांबट, एकेकटी किंवा लहान पुंजक्यात. शेंड्याकडची चार-पाच पाने उलटून उन्हाकडे तिरकी धरली की चटकन दिसतात. चार ते सात दिवसांत अळी बाहेर पडते. पहिल्या अवस्थेतली अळी इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांना ती धुळीचा कण वाटते, पण सर्वांत मोलाचे काम तीच करते. ती पानावर न थांबता शेंड्याच्या कोंबात आणि पानांच्या बेचक्यातल्या कळ्यांत शिरते. कोंब बोटांनी हळूच उकलला तर आत काळ्या विष्ठेचे कण आणि त्यांच्यात दडलेल्या दोन-तीन अळ्या सापडतात. कोंब खाल्ला गेला की फूल येत नाही, आणि फूल नाही तर बी नाही. मोठ्या अळ्या पाने ओरबाडतात, ते सगळ्यांना दिसते, पण पुढच्या वर्षीचे गवत कमी होते ते या न दिसणाऱ्या अळ्यांमुळे.

अळी दहा ते पंधरा दिवस खाते, मग खाली उतरून मातीत कोष करते. आठ-दहा दिवसांनी नवा भुंगा वर येतो. अंड्यापासून भुंग्यापर्यंत साधारण महिना. मादी आयुष्यात दोन हजारांपर्यंत अंडी घालू शकते, म्हणून जुलैत सुरुवात झाली तर पावसाळा संपेपर्यंत तीन पिढ्या सहज निघतात.

आधी शोधा, मग मागवा

जबलपूरचे तण संशोधन संचालनालय, कृषी विद्यापीठे आणि काही कृषी विज्ञान केंद्रे यांच्याकडे भुंग्यांची चौकशी करता येते. पण त्याआधी आपल्याच तालुक्यात फिरा. चाळीस वर्षांत हा किडा बराच पसरला आहे, आणि स्थानिक हवेला सरावलेला किडा पार्सलने आलेल्यापेक्षा कधीही बरा.

आर्द्राचा पाऊस होऊन पंधरा दिवस झाले की गावठाणाची पडीक जागा, जुन्या वीटभट्टीचे आवार, रेल्वेलाइनची कड, बांधकाम रखडलेले प्लॉट पाहा. पाने जाळीसारखी झालेली आणि शेंडे काळपटलेले गवत दिसले की तिथे थांबा. रोज साफसफाई होणाऱ्या जागी किडा टिकत नाही, त्यामुळे जागा जितकी दुर्लक्षित तितकी आशा जास्त.

गोळा करण्याची सोपी रीत म्हणजे छत्री. उघडी छत्री झाडाखाली उलटी धरायची आणि काठीने खोडावर दोन हलके फटके मारायचे. झाड हलले की भुंगे पाय आखडून टपाटप खाली पडतात आणि क्षणभर मेल्यासारखे निपचित राहतात. तेवढ्यात ते बरणीत ओता. सकाळी आठच्या आत गेलात तर काम निम्म्या वेळात होते, ऊन चढले की ते उडतात.

फुल बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि नाका-तोंडावर रुमाल हवाच. या गवतामुळे त्वचेवर येणारी खाज आणि चट्टे काहींना वर्षानुवर्षे सोडत नाहीत. ज्यांना दम्याचा किंवा अंगावर पित्त उठण्याचा त्रास आहे, त्यांनी या कामात उतरूच नये.

बरणी प्लॅस्टिकची, रुंद तोंडाची घ्या आणि तोंडाला मलमलचे फडके रबराने बांधा. एक लिटरच्या बरणीत शंभर भुंगे पुरे. सोबत गाजर गवताची चार-पाच कोरडी कोवळी पाने ठेवा. पाने ओली असली तर बरणीच्या भिंतीला वाफ धरते आणि भुंगे तिला चिकटून मरतात. पाने रोज बदलली तर दोन दिवसांचा प्रवास सहज निभतो. गाडीच्या काचेजवळ, उन्हात ठेवलेली बरणी मात्र अर्ध्या तासात संपते.

मच्छरदाणीखालचा वाफा

शे-दोनशे भुंगे मिळाले असतील तर ते तसेच सोडण्याऐवजी महिनाभर वाढवा. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, एक खाटेची मच्छरदाणी पुरते.

सहा फूट बाय तीन फूट जागा निवडा, जिथे गाजर गवत आपोआप दाट उगवले आहे आणि पाणी साचत नाही. झाडे फूट-दीड फूट उंचीची, फुले न आलेली हवीत. साधारण पन्नास झाडे ठेवून बाकीची उपटा. झाडांच्या बुंध्यांमधली माती खुरप्याने तीन-चार इंच भुसभुशीत करा, कारण पंधरा दिवसांनी अळ्या तिथेच उतरणार आहेत. कडक जमिनीवर त्या कोष करायला जागा शोधत भटकतात आणि मुंग्यांच्या तावडीत सापडतात.

मुंग्यांचा बंदोबस्त आधी करा. वारूळ जवळ असेल तर जागाच बदला. वाफ्याभोवती पावडर भुरभुरण्याचा मोह होतो, पण तीच पावडर पावसाच्या थेंबांनी उडून पानांवर बसते आणि आपल्याच अळ्या मरतात. मच्छरदाणीच्या कडा चार इंच मातीत पुरल्या की बराचसा प्रश्न सुटतो. त्या पुरण्याआधी आतली झाडे झटकून कोळी आणि ढेकणे बाहेर काढा. अळीच्या अंगात सोंड खुपसून रस पिणारे हे ढेकणे दोन-तीन जरी आत राहिले तरी वाफा हलका करतात.

आता पंचवीस-तीस भुंगे आत सोडा. नर-मादी ओळखत बसू नका. मादी थोडी मोठी असते, पण एवढ्या भुंग्यांत दोन्ही येतातच. पाच दिवसांनी छत्रीने ते परत गोळा करा आणि दुसऱ्या वाफ्यात हलवा. इथेच बहुतेकांची चूक होते. भुंगे तिथेच राहू दिले तर अंड्यांवर अंडी पडत जातात, पन्नास झाडांवर हजारो अळ्या होतात आणि दहाव्या दिवशी नुसत्या काड्या उरतात. मग अर्धवट वाढलेल्या अळ्या उपाशी मरतात, आणि कोषात गेलेल्यांतून लहान, अशक्त भुंगे निघतात. तरीही झाडे संपत आली असे वाटले तर बाहेरून कोवळ्या फांद्या तोडून पाण्याच्या बाटलीत खोचून आत ठेवा. बाटलीच्या तोंडाशी कापसाचा बोळा घट्ट बसवा, नाहीतर अळ्या देठावरून थेट पाण्यात उतरतात.

जागा नसेल, फ्लॅटची गॅलरीच असेल, तर बादलीत जमते. वीस लिटरच्या बादलीच्या तळाशी चार इंच चाळलेली माती घाला. ओल अशी हवी की मूठ आवळल्यावर ढेकूळ व्हावे आणि टिचकी मारल्यावर फुटावे. त्याहून ओली असेल तर कोषांवर बुरशी येते, कोरडी असेल तर ते सुकतात. अंडी असलेली पाने आधी उथळ डब्यात दमट कागदावर ठेवा. अळ्या निघाल्या की ब्रशच्या टोकाने उचलून फक्त शेंड्याच्या कोवळ्या कोंबांवर सोडा, जून पाने त्यांना चावत नाहीत. एका बादलीत दीडशेच्या वर अळ्या नकोत. खाद्य रोज बदला आणि जुने देठ फेकण्याआधी नीट झटका, निम्म्या अळ्या त्यांनाच चिकटलेल्या असतात. अळ्या मातीत गेल्या की हात लावायचा नाही. ‘आत काय चाललंय’ म्हणून माती उकरली की कोषाभोवतीची मातीची खोली फुटते, आणि फुटलेल्या खोलीतला कोष सहसा तगत नाही.

मच्छरदाणीच्या एका वाफ्यातून महिन्याभराने तीन-चारशे भुंगे मिळाले तर वाफा उत्तम चालला असे समजा.

सोडणे

सर्वांत चांगला काळ पुनर्वसू ते आश्लेषा, म्हणजे जुलैचा पहिला आठवडा ते ऑगस्टचा मध्य. गवत गुडघ्याच्या खाली असावे. कमरेएवढ्या, फुलोऱ्यावरच्या गवतात सोडून उपयोग नाही, कारण भुंग्यांची पिढी तयार होण्याआधी बी मातीत पडलेले असते.

जागा दाट गवताची, निदान दोन-तीन गुंठ्यांची आणि दोन महिने कोणी कापणार नाही, फवारणार नाही अशी हवी. ग्रामपंचायत किंवा सोसायटीच्या सफाईवाल्यांना आधी सांगून ठेवा. ऐन भरात आलेला पट्टा पंधरा ऑगस्टच्या साफसफाईत ब्रशकटरखाली जाणे हा दरवर्षीचा ठरलेला अपघात आहे.

एका जागी पाचशे ते हजार भुंगे सोडा, आणि तेही पसरून नव्हे. दाण्यासारखे चहूकडे फेकले तर नर-मादीची गाठ पडत नाही. दहा-पंधरा दाट झाडे निवडून त्यांच्याच बुंध्याशी बरण्या आडव्या ठेवा आणि फडके सोडा, ते आपण होऊन चढतात. वेळ सकाळची किंवा ऊन कललेली. मुसळधार पावसात नको, पण रिमझिमीला घाबरू नका.

नंतरचे ३५ दिवस

पहिल्या आठवड्यात पानांना वेडीवाकडी भोके दिसतात, बाकी काही नाही. दहाव्या दिवशी पट्ट्यात तिरके चालत दहा झाडे निवडा आणि प्रत्येकाचा एक शेंडा उकला. दहापैकी पाच शेंड्यांत अळ्या असतील तर किडा रुजला. एक-दोनच असतील तर आणखी भुंगे आणा. एकाही शेंड्यात नसेल तर फवारणीचा वास, मुंग्यांच्या रांगा किंवा वाळलेली जमीन यांपैकी कारण काय ते शोधा. ऑगस्टात पंधरा दिवस पावसाने दडी मारली की जमीन टणक होते, अळ्यांना कोष करता येत नाही आणि एक पिढी बुडते. लहान पट्टा असेल तर टँकरभर पाणी शिंपडून ती वाचवता येते.

महिन्याने नवे भुंगे वर आले की त्यांतले निम्मे गोळा करून पाव-अर्धा किलोमीटरवरच्या दुसऱ्या पट्ट्यात न्या. लोभाने सगळे नेले तर पहिला पट्टा पुन्हा फुटतो.

शेतातली, बांधावरची सुटी झाडे भुंग्यांवर सोडू नका. ती पावसानंतर ओल असताना, फुलण्याआधी, मुळासकट उपटा. फुले न आलेले गवत कंपोस्टला चालते. भुंग्यांनी रिकाम्या केलेल्या जागी टाकळा, म्हणजेच तरोटा, उभा राहिला तर गाजर गवताला परत उगवायला जागा मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत त्याच्या शेंगा गोळा करून मृगाआधी बी फोकून ठेवावे.

सूर्यफुलाचा वाद

१९९० च्या सुमारास कर्नाटकात हे भुंगे सूर्यफुलाच्या पानांवर दिसले आणि गदारोळ झाला. भीती अगदीच पोकळ नव्हती. याच प्रजातीतला एक भाऊबंद, झायगोग्रामा एक्सक्लमेशनिस, उत्तर अमेरिकेत सूर्यफुलाची कीड म्हणूनच ओळखला जातो. सरकारने चौकशी समिती नेमली. अभ्यासातून दिसले की शेजारच्या गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले की त्या वासाने भुंगे ते पान कुरतडतात. पिकावर पिढ्यान्‌पिढ्या वाढण्याइतके मात्र ते त्याच्यावर पोसत नाहीत. तरी सावधपणा सोडू नका. सूर्यफुलाला लागून भुंगे सोडू नका, आणि पिकाच्या कडेचे गाजर गवत फुलू देऊ नका. लांडग्याच्या, म्हणजे शंकेश्वराच्या झाडावर काही भुंगे दिसले तर घाबरायचे कारण नाही, ते तणच आहे.

बटाट्यावर पिवळसर पाठीचा, सरळ दहा काळ्या पट्ट्यांचा, सेंटिमीटरभर लांब भुंगा दिसला तर मात्र त्याचा फोटो काढा, किडा बाटलीत बंद करा आणि थेट कृषी खाते गाठा. तो मघाचा कोलोरॅडो भुंगा. तो आपल्या देशात शिरू नये यासाठीच विलगीकरणाचे कायदे आहेत.

आणि पतंग का नाही?

गाजर गवताला मेक्सिकोत एक पतंगही लागतो, एपिब्लेमा स्ट्रेनुआना. त्याची अळी खोडात शिरते, तिथे गाठ येते आणि झाडाची वाढ खुंटते. ऑस्ट्रेलियाने १९८२ मध्ये तो सोडला आणि त्याचा तिथे चांगला उपयोग झाला. मग आपल्याकडे का नाही? तो १९८५ मध्ये भारतात आणला गेला होता, पण विलगीकरणातच लक्षात आले की त्याची अळी कारळ्यावरही वाढते. कारळा म्हणजे खुरासणी, नाशिक-नंदुरबारच्या डोंगरउतारांवरचे आदिवासी शेतकऱ्यांचे तेलबियांचे पीक. ऑस्ट्रेलियाला त्याची फिकीर नव्हती, आपल्याला होती. पतंग बाहेर न सोडता नष्ट केले गेले, आणि भाकरीसोबतची कारळ्याची चटणी वाचली.

कोणी ‘ऑस्ट्रेलियातून अळ्या मागवू’ म्हणाले तर त्यांना हे सांगा. परवानगीशिवाय परदेशी किडा आणणे हा गुन्हा आहेच, शिवाय तपासणी चुकवून आलेला अमेरिकन पतंग काय करतो ते २०१८ पासून मक्याच्या पोंग्यात शेतकरी पाहत आहेत. अमेरिकन लष्करी अळी म्हणजे त्याचीच अळी.

हिवाळ्यात काय करायचे

ऑक्टोबरच्या शेवटी भुंगे कमी होत जातात. ते मेलेले नसतात. बरेचसे जमिनीत काही सेंटिमीटर खाली जाऊन झोपतात आणि उन्हाळा तसाच काढतात. कालव्याच्या कडेला, उसाच्या पाटाला गवत हिरवेगार असले तरी या काळात नवे भुंगे सोडू नका, ते तिथेही मातीतच जातील.

पट्ट्याच्या चार कोपऱ्यांना चुन्याने रंगवलेले दगड ठेवा. मे अखेरपर्यंत त्या चौकटीत नांगर, रोटाव्हेटर, जेसीबी फिरू देऊ नका, आणि वाळलेले गवत पेटवूही नका. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले, कोवळी रोपे चार पानांवर आली की त्या दगडांपाशी सकाळी जाऊन बसा. जमीन फोडून वर आलेले, पाठीला माती लागलेले भुंगे रोपांवर चढताना दिसतील. तिथून पुढे छत्री आणि बरणी घेऊन पुन्हा पहिल्यापासून.